कॅन्सर आहे हे कळलंय, मग एमआरआय कशाला?

वाचकाचं पत्र :

माझे यजमान ६८ वर्षांचे. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायचे म्हणून तपासलं, तर पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) १४ निघाला. बारा दिवसांपूर्वी बायोप्सी झाली. बारापैकी पाच तुकड्यांत कॅन्सर, पाचही उजव्या बाजूचे, ग्लीसन (कॅन्सर किती जोरकस ते सांगणारा आकडा) ४+३. सर्जन रोबोटिक ऑपरेशन करू म्हणतात, पण त्याआधी प्रोस्टेटचा एमआरआय हवाय. ह्यांचं म्हणणं, ‘कॅन्सर आहे हे कळलंय, ग्रंथी काढायचीच आहे, मग आणखी एक तपासणी कशाला? बिल वाढवायला?’ माझे दीर म्हणतात, पेट स्कॅनमध्ये सगळं शरीर दिसतं, एमआरआय नकोच. मुलगा म्युनिकहून पंधरा दिवसांच्या रजेवर येतोय, तेवढ्यात सगळं उरकावं असं वाटतं. मग उद्याच एमआरआय करून टाकू का? ह्यांना २०१९ मध्ये हृदयात स्टेंट घातलाय, तो चालेल ना? आणखी एक, लिहायला संकोच वाटतो. ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहत नाही आणि नवरा-बायकोचं नातंही संपतं असं ऐकलं. खरं का हे? हे काही बोलत नाहीत, पण रात्री टक्क जागे असतात.

– एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

ताई,

एमआरआय नक्की करा, पण उद्या करू नका. आता त्याची कारणं सांगते. मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि ही चित्रं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पण तुमच्या यजमानांना मी तपासलेलं नाही. त्यामुळे हे पत्र सर्जनसमोर बसताना हाताशी ठेवण्यासाठी आहे, निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्या.

आधी सरांच्या प्रश्नाकडे वळते, कारण तो अगदी रास्त आहे. कॅन्सर आहे हे बायोप्सीनं सांगितलं. तो किती जोरकस आहे हेही तिनंच सांगितलं. ग्लीसन ४+३ आणि पीएसए १४ म्हणजे मध्यम जोखमीचा, पण मध्यमांतला वरच्या अंगाचा. तो ग्रंथीच्या आत नेमका कुठे बसलाय आणि कुठवर पोचलाय, हे मात्र बायोप्सीतून कळत नाही. बारा सुयांनी बारा ठिकाणचे नमुने आणले. दोन सुयांच्या मधे काय आहे किंवा ग्रंथीच्या कडेपाशी काय चाललंय, ते सुईला दिसत नाही.

रस्ता खणताना खालून केबल कुठून गेली आहे हे न बघता कुदळ मारली की काय होतं, ते पुण्यात कुणाला सांगायला नको. ग्रंथी काढायचीच आहे हे खरं, पण कुठून कापायची हा ऑपरेशनमधला सगळ्यात नाजूक प्रश्न असतो. सर्जन एमआरआय मागतात तो त्या प्रश्नासाठी.

प्रोस्टेट म्हणजे साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी, या वयात बहुधा त्याहून मोठी झालेली. तिच्या वर मूत्राशय, मागे गुदाशय, मधून लघवीची नळी जाते. जुन्या वाड्याला लागून वाडा असतो तशी आजूबाजूला गर्दी. ग्रंथीभोवती एक पातळ आवरण असतं, ही त्या वाड्याची भिंत. आणि ती चारी बाजूंनी सारखी नसते, टोकाकडे आणि पुढच्या अंगाला तर नावालाच असते. कॅन्सर या भिंतीच्या आत असेल तर त्याला टी२ म्हणतात. भिंत ओलांडून बाहेरच्या चरबीत शिरला तर टी३ए. वर मागच्या बाजूला वीर्य साठवणाऱ्या दोन पिशव्या असतात, त्यांत पोचला तर टी३बी. मूत्राशय किंवा गुदाशयासारख्या शेजारच्या अवयवात घुसला तर टी४. एमआरआय करायचा तो मुख्यतः हा टप्पा ठरवायला.

आता तुमच्या संकोचाच्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचं उत्तर याच भिंतीपाशी आहे. ग्रंथीच्या मागच्या अंगाला, घड्याळात पाच आणि सात वाजतात त्या जागांवर, भिंतीला अगदी चिकटून नसांचा आणि रक्तवाहिन्यांचा एकेक जुडगा जातो. पुरुषाच्या ताठरतेची सूत्रं या दोन जुडग्यांत असतात. कॅन्सर भिंतीपासून लांब असेल तर सर्जन जुडगा अलगद सोडवून मागे ठेवतो. भिंतीला भिडला असेल किंवा बाहेर आला असेल तर त्या बाजूचा जुडगा ग्रंथीबरोबर काढावा लागतो, नाहीतर कॅन्सर मागे राहण्याचा धोका. एमआरआय हातात नसेल तर दोनच वाटा उरतात. सर्जन धोका नको म्हणून गरज नसताना जास्त काढणार, किंवा नसा वाचवायच्या म्हणून हवं तेवढं काढणार नाही. सरांचे पाचही तुकडे उजवीकडचे आहेत. डावी बाजू एमआरआयवरही स्वच्छ दिसली तर डावा जुडगा ठेवता येईल, उजवीकडे मात्र हात सैल सोडून कापावं लागेल, असं ठरू शकतं. एकच जुडगा वाचला तरी आशा राहते. मात्र वय ६८ आणि हृदयाचा आजार, तेव्हा आधी किती होतं त्यावरही पुढचं अवलंबून राहील, आणि सुधारणा व्हायला वर्ष-दीड वर्षही लागू शकतं. यासाठी गोळ्या मिळतात. पण हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती सुद्धा, तर त्या गोळ्यांबरोबर ती जिवावर बेतू शकते. ताठरतेच्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ देऊ नका.

लघवीचं म्हणाल, तर ऑपरेशनच्या वेळी घातलेली कॅथेटरची नळी काढल्यावर पहिले काही आठवडे गळणं बहुतेकांना होतं आणि पॅड वापरावे लागतात. पुढच्या महिन्यांत बहुतेकांचं ते बरंच आटोक्यात येतं. इथेही एमआरआय कामाला येतो, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. प्रोस्टेटच्या खाली लघवीच्या नळीचा जो भाग ताबा ठेवणाऱ्या स्नायूतून जातो, त्याची लांबी चित्रात मोजता येते. ती जास्त असेल तर ताबा लवकर परत येतो असं दिसून आलंय. ती लांबी किती आहे हे सर्जनना मुद्दाम विचारा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या, नंतर दुखत असताना शिकायला जड जातात.

सर भौतिकशास्त्राचे, तेव्हा हा परिच्छेद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. विज्ञान दिनाला त्यांनी मुलांना नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला नेलं असेलच. तिथल्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातल्या हायड्रोजनकडून येणाऱ्या रेडिओलहरीही टिपतात. आमचं मशीन शरीरातल्या हायड्रोजनच्या लहरी टिपतं. तीन टेस्लाचं मशीन, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साठ-सत्तर हजार पट. त्यात आपल्या अंगातल्या पाण्याचे प्रोटॉन सुमारे १२८ मेगाहर्ट्झला डोलतात, एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा वर. दीड टेस्लाच्या मशीनमध्ये त्याच्या निम्म्यावर. त्या तालाची लहर पाठवायची, ती थांबवायची आणि परत येणारी हाक ऐकायची. यात क्ष-किरण कुठेच नाहीत.

प्रोस्टेटसाठी तीन प्रकारची चित्रं काढतात. पहिल्यात रचना दिसते. निरोगी बाहेरचा भाग पांढरट आणि कॅन्सर बहुधा काळसर. दुसरी माझ्या सगळ्यात आवडीची. तिच्यात पाण्याचे रेणू किती मोकळे हिंडतात ते मोजलं जातं. सकाळी सारसबागेत माणूस हवा तसा फिरतो, तोच दिवाळीच्या आदल्या रविवारी तुळशीबागेत पाऊल टाकू शकत नाही. कॅन्सरमध्ये पेशींची दाटी इतकी असते की पाण्याची तुळशीबाग होते, आणि ती जागा चित्रात उठून दिसते. तिसऱ्या प्रकारात शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देऊन ते कुठे झटकन शोषलं जातं हे बघतात. त्यासाठी आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघावं लागतं.

आता उद्या का नको. बायोप्सीला बाराच दिवस झालेत. प्रत्येक सुईच्या जागी थोडं रक्त साकळलेलं असतं आणि ते चित्रात कॅन्सरसारखंच काळसर दिसू शकतं. रक्त ओळखायला वेगळी चित्रं काढतात हे खरं, पण भिंतीच्या कडेला सूज आणि रक्त असलं की ‘इथून बाहेर गेलाय का’ या एकाच प्रश्नाचं उत्तर धूसर होतं, आणि तुम्हाला तर नेमकं तेच हवंय. टप्पा ठरवायचा असेल तर बायोप्सीनंतर किमान सहा आठवडे थांबावं, अशी आमच्याकडची शिफारस आहे. माझ्याकडे एक गृहस्थ बायोप्सीनंतर आठव्या दिवशी आले होते. घरच्यांची घाई होती, मीही चित्रं काढली. दोन्ही बाजूंना एवढं रक्त होतं की मी नसांविषयी काही छातीठोक लिहू शकले नाही. त्यांना दुसऱ्यांदा यावं लागलं, दुसऱ्यांदा पैसे भरावे लागले. तेव्हापासून मी फोनवरच बायोप्सीची तारीख विचारते.

खरं तर एमआरआय बायोप्सीच्या आधी झाला असता तर बरं झालं असतं. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या प्रॉमिस नावाच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की महत्त्वाचा कॅन्सर पकडण्यात एमआरआयची नजर ९३ टक्के होती आणि नेहमीच्या सोनोग्राफीवरच्या बायोप्सीची ४८ टक्के. तेव्हापासून आधी चित्र, मग सुई हा क्रम रुजत चाललाय. ज्यांच्या घरी नुसताच पीएसए वाढलाय आणि बायोप्सी अजून व्हायची आहे, त्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. तुमच्याकडे ते होऊन गेलं, त्याचा खेद करू नका.

चार-सहा आठवड्यांत कॅन्सर हाताबाहेर जाईल ही भीती मला कळते. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुधा हळू वाढतो, आणि बायोप्सीची सूज उतरेपर्यंत सर्जनही ऑपरेशनसाठी काही आठवडे थांबायला सांगतात. म्हणजे एमआरआयसाठी वेगळा उशीर होतच नाही. तरी तुमची तारीख सर्जननीच ठरवावी. त्यांनी काही कारणानं लवकर हवा म्हटलं, तर ते कारण विचारून घ्या.

आता रिपोर्टबद्दल, कारण खरा गोंधळ तिथे होतो. त्यात पाय-रॅड्स असा शब्द येईल आणि पुढे एक ते पाचमधला आकडा. पाय-रॅड्स ५ वाचून रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत, ‘डॉक्टर, पाचवी स्टेज?’ असं विचारत. तो आकडा स्टेजचा नाही. ती गाठ महत्त्वाचा कॅन्सर असण्याची शक्यता किती, एवढंच तो सांगतो. सरांना कॅन्सर आहे हे ठाऊकच आहे, तेव्हा चार किंवा पाच आला तर त्यात नवीन काही नाही. तुम्ही ओळ शोधायची ती भिंतीबद्दलची. तिथे फुगवटा आहे का, कड ओबडधोबड झाली आहे का, गाठ भिंतीला किती लांबीनं टेकली आहे. एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त टेकली असेल तर आमचा संशय वाढतो. मग पिशव्या, मग जुडगे, डावा आणि उजवा वेगवेगळा.

तिथे बऱ्याचदा लिहिलेलं असतं की बाहेर गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. हे वाक्य लिहिणारा रेडिओलॉजिस्ट आपल्या बाजूनं प्रामाणिक असतो, पण ते हातात घेऊन घरी जाणाऱ्या माणसाची झोप उडते. मी माझ्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते की शक्यता कमी, अर्धी-अर्धी की जास्त हे लिहा. तुमच्या रिपोर्टात तसं नसेल तर सर्जनमार्फत विचारून घ्यायला अजिबात लाजू नका.

आणि एमआरआयला तरी किती दिसतं? २०१६ मध्ये ७५ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. ज्यांचा कॅन्सर खरोखर भिंतीबाहेर होता अशा शंभरांपैकी साधारण ५७ जणांचा एमआरआयनं ओळखला. ज्यांचा आतच होता त्यांच्यापैकी शंभरात ९१ जणांना त्यानं बरोबर ‘आत’ म्हटलं. म्हणजे एमआरआय ‘बाहेर गेलाय’ असं ठामपणे म्हणाला तर गंभीरपणे घ्या, ‘आत आहे’ म्हणाला तर ती हमी समजू नका. आमचे काप तीन मिलिमीटर जाडीचे असतात. भिंतीतून केसाएवढा बाहेर डोकावलेला कॅन्सर त्यात निसटतो, तो फक्त पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. मी स्वतः ‘भिंत शाबूत’ असं लिहिलेल्या एका रुग्णाचा कॅन्सर ऑपरेशननंतर बाहेर निघाला होता. ती चित्रं मी पुन्हा काढून तासभर पाहत बसले, तरी मला त्यांत काही सापडलं नाही. म्हणून सर्जन एकट्या एमआरआयवर विसंबत नाहीत. पीएसए, ग्लीसन, किती तुकड्यांत कॅन्सर आहे, बोटाच्या तपासणीत (गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चाचपतात ती) काय लागलं, सगळं जोडून बघतात.

त्या बोटाच्या तपासणीवरून आठवलं. फाइलवर टी२ आणि एमआरआयवर टी३ए असं दोन ठिकाणी वेगळं दिसलं तर कुणाची तरी चूक झाली असं समजू नका. कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या अमेरिकन जॉइंट कमिटीच्या आठव्या आवृत्तीच्या नियमांत ऑपरेशनआधीचा टी टप्पा बोटानं जे लागतं त्यावर धरतात, चित्रावर नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. आणि टी३ए आला म्हणजे ऑपरेशनचा रस्ता बंद झाला असंही नसतं. कापण्याची आखणी बदलते, पुढे रेडिएशन लागू शकतं. टी३बी किंवा टी४ दिसला तर मात्र रेडिएशन आणि हॉर्मोनची इंजेक्शनं हा पर्याय पुन्हा नीट चर्चेला घ्या, रेडिएशनच्या डॉक्टरांना स्वतंत्र भेटून.

तुमच्या दिरांचंही सगळं चुकलेलं नाही. त्यांच्या मनात पीएसएमए पेट, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीचा खास पेट स्कॅन, असावा. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ३०२ रुग्णांच्या अभ्यासात लसिका गाठींत (लिम्फ नोड) किंवा लांब पसरलेला आजार ओळखण्यात तो ९२ टक्के अचूक ठरला, सीटी आणि हाडांचा स्कॅन मिळून ६५ टक्के. लसिका गाठी आणि हाडं बघायला तो उत्तम, आणि लसिका गाठींच्या बाबतीत एमआरआय कच्चा आहे हे मी मोकळेपणानं मान्य करते, कारण तो गाठ मोठी झाली तरच ओळखतो. सरांच्या जोखमीला लांबचा तपास करणं योग्यच आहे, सर्जनही सुचवतील. पण भिंतीपाशी अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब असतो आणि तिथे पेटचं चित्र तेवढं रेखीव येत नाही. पेट लांबचं बघतो, एमआरआय जवळचं. एकानं दुसऱ्याचं काम भागत नाही.

स्टेंट चालतो. त्याचं कार्ड किंवा डिस्चार्जचा कागद सोबत न्या, म्हणजे तिथे अडणार नाही. पेसमेकर, खुब्याचा सांधा, डोळ्यात कधी धातूचा कण गेला असेल तर वेळ घेतानाच सांगा. खुब्यातल्या धातूनं याच भागाचं चित्र बिघडतं. सेंटर निवडताना तीन टेस्ला आहे का हे विचारा, पण त्याहून महत्त्वाचं, प्रोस्टेटचे एमआरआय नेहमी वाचणारं कुणी तिथे आहे का हे विचारा. चांगलं दीड टेस्ला आणि सराईत डोळे असतील तर मी ते निवडेन. आदल्या दिवशी पोट साफ हवं, कारण गुदाशयातल्या गॅसनं ती तुळशीबागेची चित्रं वेडीवाकडी होतात. अर्धा-पाऊण तास हलायचं नाही आणि आवाज खूप असतो. बंद जागेची भीती असेल तर आधी बोला, पाय आधी आत घालून डोकं मशीनच्या तोंडाशी ठेवता येतं का ते बघतात.

पैशांची शंका सर्जनना तोंडावर विचारा. ‘एमआरआयमध्ये काय दिसलं तर तुम्ही ऑपरेशनमध्ये काय बदलाल?’ हा एकच प्रश्न, याच शब्दांत. चांगला सर्जन स्क्रीनवर चित्र उघडून बोट ठेवून दाखवेल. तिथे तुम्ही दोघं बसा, तुमच्यासमोर नसांचा विषय निघू दे. सर रात्री ज्या गोष्टीसाठी जागे असतात ती बहुधा हीच असेल, आणि घरी स्वतःहून काढणं त्यांना जमत नसेल.

सहा आठवड्यांचा हिशेब धरला तर एमआरआय अजून महिनाभर लांब आहे, ऑपरेशन त्याच्याही पुढे. मुलाची रजा तेव्हा जास्त उपयोगी पडेल, कॅथेटर असताना आणि तो काढल्यावरच्या पहिल्या आठवड्यात. सर्जनकडून अंदाजे तारीख घ्या आणि तिकीट पुढे ढकलता येतं का ते मुलाला आजच विचारा.